पदवी पत्रकारितेची, परीक्षा कशाची?

बारावीचा निकाल जाहीर झाला की पुढील काही आठवडे महाविद्यालयांच्या सूचनाफलकांपुढे गर्दी असते. फलकाची जागा आता बव्हंशी भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. पण यादी तीच आणि धाकधूकही तीच. या याद्यांमध्ये पत्रकारितेच्या पदवीची यादी मोठी उद्बोधक असते. मुंबई विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पात्र ठरतो आणि कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांच्या गुणवत्ता याद्या वेगवेगळ्या लावण्याची प्रथा आहे. म्हणजे एकाला रसायनशास्त्रातील गुणांवर, दुसऱ्याला पुस्तपालनातील गुणांवर आणि तिसऱ्याला इतिहासातील गुणांवर पत्रकारितेच्या वर्गात जागा मिळते. टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत काटेकोरपणे पाहिली जाते. हा विद्यार्थी रोज वृत्तपत्र वाचतो काय, ऐकलेली गोष्ट मीठमसाला न लावता सांगू शकतो काय, कोणत्याही एका भाषेत दहा वाक्ये सलग व निर्दोष लिहू शकतो काय, या प्रश्नांसाठी मात्र यादीत रकाना नाही.

तीन वर्षांनी हाच विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा मोजमाप बदललेले असते. आता तास मोजले जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्र शासनाने जी चौकट ठरविली, तीत तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक लागतात. स्वायत्त महाविद्यालयांना ही चौकट २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून लागू झाली. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर थांबल्यास पदविका. विषयात शेकडा चाळीस गुण मिळाले की श्रेयांक खात्यावर जमा होतात. या खात्याच्या राष्ट्रीय व्यवस्थेला नावही पेढीचेच दिले आहे, हे या युगाला शोभून दिसते.

आत येताना गुण मोजावयाचे, बाहेर पडताना तास मोजावयाचे आणि ज्या कामासाठी ही पदवी जन्माला आली ते काम तेवढे मोजावयाचे राहून जावे, अशी ही व्यवस्था झाली आहे. ते काम म्हणजे घडलेली गोष्ट शोधून, पडताळून, लोकांना कळेल अशा भाषेत वेळेवर लिहिणे. या उणिवेचा भुर्दंड प्रथम विद्यार्थ्याला बसतो आणि मागाहून मीरा-भाईंदरसारख्या शहराला. म्हणून हा विषय विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर सोडून देण्यासारखा नाही.

पत्रकारितेच्या पदवीचे एक वैशिष्ट्य आरंभीच लक्षात घ्यावे लागते. वैद्यकाची पदवी नसलेल्याने औषध दिले तर तो गुन्हा ठरतो. कायद्याची पदवी नसलेल्याला वकील म्हणून न्यायालयात उभे राहता येत नाही. पत्रकाराच्या बाबतीत असे काही नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची व्याख्या केली ती त्याच्या व्यवसायावरून, त्याच्या पदवीवरून नव्हे. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा कायदा आला, तोही संपादकाला पदवी विचारीत नाही. ही अनवधानाने राहिलेली त्रुटी नव्हे. राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य नागरिकाला दिले आहे, पदवीधराला नव्हे. आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य त्याच नागरिकाच्या स्वातंत्र्यातून निघते.

तरीही पदवी सक्तीची करावी, असे अधूनमधून कोणाला तरी वाटतेच. मार्च २०१३ मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान पात्रता सुचविण्याकरिता एक समिती नेमली. श्रवण गर्ग आणि राजीव साबडे यांच्यासमवेत पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागातील डॉ. उज्ज्वला बर्वे तीत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री मनीष तिवारी यांनी पत्रकारांसाठी सामाईक परीक्षा आणि परवान्याची कल्पना बोलून दाखविली. दोन्ही सूचनांवर टीका झाली आणि त्या मागे पडल्या. ते योग्यच झाले. परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो आणि बहुधा तो शासनच असतो. शिवाय मराठी पत्रकारितेचा इतिहास या सक्तीच्या आड उभा आहे. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणिताचे अध्यापक होते. १८८० नंतर मुंबईतून 'दीनबंधू' चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीत नोकरी केली होती आणि कामगारांचे दुःख त्यांनी कामगारांमध्ये राहूनच लिहिले. सक्तीच्या नियमाखाली लोखंडे यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता.

पदवी सक्तीची नाही, तर मग ती विद्यार्थ्याला काय देते? अर्थशास्त्रात याचे एक उत्तर आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये असे मांडले की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी योग्यता दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे संकेत म्हणून पाहतो. आणि ज्याच्या अंगी योग्यता नाही त्याला ती मिळविणे अवघड असेल, तरच तो संकेत खरा ठरतो. पुढे २००१ मध्ये त्यांना याच क्षेत्रातील कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा निकष आपल्या पत्रकारितेच्या पदवीला लावून पाहावा. ज्याला बातमी लिहिता येते तो हजेरी भरून, चाळीस टक्के मिळवून, राहिलेले विषय एटीकेटीने सोडवून बाहेर पडतो. ज्याला येत नाही तोही तसाच बाहेर पडतो. मग संपादकाने या कागदावरून काय ओळखावे? तो उमेदवाराला पुन्हा टेबलाशी बसवून चाचणी घेतो. विद्यार्थ्याच्या घरच्यांनी मात्र तीन वर्षांचे शुल्क भरलेले असते, आणि बहुतेक महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्यामुळे ते साध्या कला शाखेच्या शुल्काहून कितीतरी अधिक असते. रिक्षाचालकाच्या, गृहोद्योगात पापड लाटणाऱ्या बाईच्या घरातून आलेल्या मुलीसाठी ही रक्कम म्हणजे वर्षाची काटकसर असते. तिला नोकरी मिळेलच, असे विद्यापीठाने सांगू नये. पण तिच्या पदवीला काही अर्थ राहील, एवढी काळजी त्याने घेतलीच पाहिजे.

या पदवीची कल्पना जेथून आली तेथे तिचे रूप कसे होते, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. अमेरिकेत जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेचे विद्यालय काढण्यासाठी वीस लक्ष डॉलर देऊ केले. पुलित्झर हे स्वतः भडक वृत्तपत्रे खपवून श्रीमंत झालेले गृहस्थ. उतारवयात त्यांना पत्रकाराच्या शिक्षणाची तळमळ लागली, हाही एक योगच. १९०४ मध्ये त्यांनी एक दीर्घ लेख लिहून या विद्यालयात काय शिकवावे हे सांगितले. त्यात कायदा, नीती, वाङ्मय, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, आधुनिक भाषा आणि भौतिक शास्त्रे होती. वृत्तपत्राची धंदेवाईक बाजू मात्र त्यांनी कटाक्षाने बाहेर ठेवली. हे विद्यालय १९१२ मध्ये सुरू झाले. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले, परंतु अर्थशास्त्र शिकण्यासाठी. पत्रकारितेचे विद्यालय जवळच असताना त्यांनी तेथील पदवी घेतली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांच्या पुढाकाराने 'मूकनायक' निघाले तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होते. १९३२ मध्ये 'सकाळ' सुरू करणारे नानासाहेब परुळेकर हेही कोलंबियाचेच विद्यार्थी. अमेरिकी वृत्तपत्रे जवळून पाहून आलेल्या या माणसाने पुण्यात येऊन केले काय, तर स्थानिक बातमीला मान दिला आणि गावोगावी वार्ताहर उभे केले.

या उदाहरणांवरून पत्रकारितेची पदवी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा होईल. त्यांतून निघते ते वेगळेच. पत्रकारितेला स्वतःचा असा विषय नाही. तिला तो बाहेरून आणावा लागतो. लिहिण्याचे तंत्र वर्षभरात शिकविता येते, पण ज्याविषयी लिहावयाचे त्याचे ज्ञान नसेल तर तंत्र रिकामे फिरते. कोलंबियाने १९३५ मध्ये आपले विद्यालय पदवीधरांसाठीच राखले, त्यामागे हाच विचार दिसतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून चाललेला विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभागही पदवीधरांना घेत आला. इतिहास, राज्यशास्त्र किंवा शेतकी शिकून आलेला मुलगा तेथे बातमी लिहावयास शिके.

मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास वेगळा मार्ग धरला. बारावीनंतर थेट तीन वर्षांचा 'बॅचलर ऑफ मास मीडिया' अभ्यासक्रम आला. २०१९-२० पासून त्याचे नाव बदलून त्यात कला शाखेचा व बहुमाध्यमांचा उल्लेख आला. याची रचना अशी की पहिली दोन वर्षे सर्वांना समान विषय आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांपैकी एकाची निवड. पुलित्झरने जी बाजू दाराबाहेर ठेवली, तिला आपण आत घेऊन शेजारचे बाक दिले. जाहिरात हा प्रामाणिक व्यवसाय आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु जाहिरात लिहिणारा ग्राहकाच्या वतीने बोलतो आणि वार्ताहर वाचकाच्या वतीने विचारतो. या दोन वृत्ती दोन वर्षे एकाच साच्यात घडविल्यावर तिसऱ्या वर्षी वेगळ्या करणे अवघड आहे. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी नोकरीचा अंदाज घेऊन निवड करतो आणि त्यात पत्रकारितेचे पारडे हलके पडले तर दोष त्याला देता येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी अंशकालीन वार्ताहर छापून आलेल्या बातमीमागे मोबदला घेतो आणि जाहिराती मिळवून आणण्याचे कामही अनेकदा त्याच्याच गळ्यात पडते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते.

नव्या चौकटीत मुख्य विषयाबरोबर गौण विषयाची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने गौण विषय म्हणून अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा भूगोल घेतला तर पुलित्झरच्या यादीचा थोडा अंश आपोआप साधेल. भीती एवढीच, की गौण विषय कोणता हे विद्यार्थ्याच्या गरजेवरून न ठरता महाविद्यालयात कोणत्या अध्यापकाचे तास शिल्लक आहेत यावरून ठरेल. विनाअनुदानित विभागात तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर गाडा चालतो, हे शिक्षण क्षेत्रातील कोणालाही सांगावयास नको.

आता आपल्या शहराकडे वळू. मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. महाराष्ट्रातील कित्येक जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांहून हे शहर मोठे आहे. तेथे दैनिके निघतात, वार्ताहरांच्या दोन पिढ्या झाल्या. आपल्याकडे एका बाजूस मुंबई आणि दुसऱ्या बाजूस ठाणे. दोहोंच्या बातम्यांतून जागा उरली तर आपली वर्णी. उत्तनच्या धावगी डोंगरावर शहराचा कचरा वर्षानुवर्षे साचला आणि खालच्या कोळीवाड्यांनी त्याविरुद्ध वारंवार आवाज उठविला. आग लागली वा मोर्चा निघाला, त्या दिवशी छायाचित्र येते. कचरा रोज किती येतो, त्यातील किती वेगळा होतो, प्रक्रियेचा ठेका कोणाला व कोणत्या अटींवर दिला आहे, याचा माग वर्षभर धरणारा माणूस लागतो आणि तो ठेवणे कोणत्याही मोठ्या वृत्तपत्राला परवडत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि तो मंजूर करणारे प्रशासक ही एकच व्यक्ती होती. अंदाजपत्रकावर चर्चा करावयास सभागृह नव्हते. अशा वेळी प्रश्न विचारण्याचे काम वृत्तपत्रांकडे येते. त्यासाठी धाडसाहून अंकगणित अधिक लागते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात मागील वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचे सुधारित आकडे आणि येत्या वर्षाचे अंदाज असे रकाने असतात. मथळा नेहमी शेवटच्या रकान्यावरून होतो: इतक्या कोटींचे अंदाजपत्रक, कोणतीही करवाढ नाही. खरी बातमी रकान्यांमधील अंतरात असते. गेल्या वर्षी रस्त्यांसाठी धरलेली रक्कम प्रत्यक्षात किती खर्च झाली, मालमत्ता कराची अपेक्षा आणि वसुली यांत किती तफावत पडली, हे पाहिले की नव्या अंदाजाचे वजन कळते. हे शिकविण्यासाठी दोन तास पुरतात. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या किती जणांना हे येते, याचा शोध परीक्षा विभागाने घ्यावा.

पाण्याचे उदाहरण घ्या. मीरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्या पाण्यावर शहराने दिवस काढले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेत शहराच्या वाट्याला दररोज २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरले. हा आकडा भाषणांतून आणि बातम्यांतून असंख्य वेळा आला. आता भागाकार करून पाहू. २०११ ची लोकसंख्या धरली तर एकट्या सूर्याचे पाणी माणशी सुमारे २७० लिटर होते, म्हणजे मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी धरल्या जाणाऱ्या १३५ लिटरच्या मापदंडाच्या दुप्पट. मग टँकर कशाला हवेत? २०११ नंतर उभे राहिलेले मनोरे पाहिले तर तो भाजक कोणी गंभीरपणे घेणार नाही. लोकसंख्या बारा लाख धरली तर तोच आकडा १८२ वर येतो. गळती किती, ठरलेल्या पाण्यापैकी प्रत्यक्ष किती आले, आणि पूर्वेकडील जुन्या चाळींना व पश्चिमेकडील नव्या संकुलांना ते कसे वाटले गेले, हे विचारले की खरी बातमी सुरू होते. एका भागाकाराने हे सगळे प्रश्न उघडतात. जांभेकर गणित शिकवीत, हे येथे पुन्हा आठवते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०२५ मध्ये मीरा रोड येथे मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. त्याविरुद्ध व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. त्या आठवड्यात देशभरच्या वाहिन्यांचे छायाचित्रक आपल्या रस्त्यांवर उभे होते. मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही. पण या गावात आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन समाज मूळचे कसे, मिठागरांच्या जागी वसाहती कशा आल्या, गुजराती व मारवाडी व्यापारी आणि उत्तर भारतीय कामगार केव्हा व कशामुळे येथे आले, एकाच इमारतीत चार भाषा बोलणारी माणसे पाण्याच्या वेळेवरून भांडतात आणि गणपतीत एकत्र कशी येतात, हे सांगू शकणारा वार्ताहर त्या गर्दीत विरळा होता. येथे वाढलेल्या मुलांना हे ठाऊक असते. पत्रकारितेच्या वर्गात ती मुले बसलेली असतात. त्यांना मात्र दूरच्या माध्यमसमूहांची मालकी आणि माध्यमांचे सिद्धांत पाठ करावे लागतात.

या शहरात पत्रकार होऊ पाहणाऱ्याला मराठी वाचता येणे ही अस्मितेची नव्हे, कामाची गरज आहे. २०२२ च्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर बंधनकारक केला आहे. महापालिकेची विषयपत्रिका, ठराव, निविदा, पोलिस ठाण्यातील प्रथम माहिती अहवाल, तलाठ्याचा सातबारा हे सर्व मराठीत असते. ज्याच्या घरी उर्दू, गुजराती वा हिंदी बोलली जाते त्या विद्यार्थ्याने इंग्रजीतून पदवी घ्यावी, त्यात काही वावगे नाही. परंतु ठराव वाचता येत नसेल तर तो प्रसिद्धीपत्रकाचा आश्रित होतो. आणि मराठी घरातील विद्यार्थ्याला इंग्रजी अहवाल वाचता येत नसेल तर त्याचीही तीच गत. 'दर्पण' मराठी व इंग्रजी अशा दोन स्तंभांत निघत असे. नव्या चौकटीत भाषेसाठी श्रेयांक आहेत, परंतु ते थोडे आहेत आणि सर्व शाखांना सारखेच आहेत. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला भाषेची जेवढी मात्रा, तेवढीच पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला, हा हिशेब कोणत्या वैद्याने घातला कोण जाणे.

प्रवेशासाठी आणखी एक राज्यव्यापी सामाईक परीक्षा घ्यावी, असे प्रस्तुत लेखक सुचविणार नाही. व्यवस्थापनाच्या पदवीसाठी २०२४ पासून तशी परीक्षा आली आणि तिच्यातून सुटण्यासाठी अभ्यासक्रमांची नावे बदलण्याची लाट आली, ते आपण पाहिलेच. बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेमागून शिकवणी वर्ग येतात आणि मीरा रोड स्थानकाबाहेर आणखी चार फलक लागतात. त्यापेक्षा साधी गोष्ट करावी. बारावीचे गुण निम्मे धरावेत. उरलेल्या निम्म्यासाठी विद्यार्थ्याला दोन तास महाविद्यालयात बसवावे, एक पानभर भाषण ऐकवावे किंवा एक छोटी घटना सांगावी आणि त्याच्या पसंतीच्या भाषेत दोनशे शब्दांत तिचा वृत्तान्त लिहावयास सांगावा. नावे बरोबर उतरली काय, जे घडले नाही ते लिहिले काय, एवढे तपासावे. यात शहरातील इंग्रजी शाळेचा विद्यार्थी आणि पालीच्या वा चौकच्या शाळेतील विद्यार्थी एका रेषेवर येतात, किंबहुना दुसरा पुढेही जाऊ शकतो.

खरा बदल हवा तो बाहेर पडण्याच्या दाराशी. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय १४ सप्टेंबर १९०८ रोजी सुरू झाले. त्या गावाचे नावही कोलंबियाच, मात्र न्यूयॉर्कशी त्याचा संबंध नाही. विद्यालय उघडले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या दैनिकाचा पहिला अंक निघाला. ते महाविद्यालयीन भित्तिपत्रक नव्हते. गावाचे वृत्तपत्र होते. गावकरी ते वाचत, चूक झाली तर अध्यापकाला जाब विचारीत. आपल्या चौकटीत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी चार श्रेयांक, म्हणजे एकशे वीस तास ठेवले आहेत. विद्यार्थी कोठल्या तरी कार्यालयात जाऊन बसतो, चित्रफितींना मथळे लावतो आणि सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र आणतो. हे तास कोठे घालविले याला महत्त्व आहे, त्यांतून निघाले काय, याला नाही.

त्याऐवजी पदवीची अट अशी असावी की दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे शहराचा एक प्रभाग किंवा एक विषय सोपवावा: पाणी, कचरा, उत्तनची मासेमारी, भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, पालिकेच्या शाळा, लोकलगाडीचा प्रवास. दोन वर्षांत त्याने त्यावर ठराविक संख्येने पडताळलेले वृत्तान्त लिहावेत, त्यांपैकी निम्मे मराठीत. माहितीच्या अधिकाराखाली किमान एक अर्ज त्याने स्वतः लिहावा. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आले नाही तर पहिले अपीलही त्यानेच करावे. हे अपील कसे करावे, हे दहा व्याख्यानांपेक्षा त्याला चांगले कळेल. प्रत्येक वृत्तान्तासोबत कोणाशी बोललो, कोणते कागद पाहिले, कोणी बोलावयास नकार दिला, याची टिपणवही जोडावी आणि गुण या वहीला द्यावेत. यंत्राकडून मजकूर लिहवून घेण्याच्या या दिवसांत सुबक गद्याला गुण देणे धोक्याचे झाले आहे. मासळी बाजारात तीन सकाळी उभे राहिल्याची नोंद यंत्राला करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल आणि तो रास्त आहे. साठ विद्यार्थ्यांचे वृत्तान्त तपासणे हे तासिकेवर येऊन जाणाऱ्या अध्यापकाचे काम नव्हे. प्रत्येक विभागात वृत्तपत्रात काही वर्षे काम केलेला एक पूर्णवेळ संपादक-अध्यापक लागेल. घेतलेल्या शुल्कातील किती भाग शिकविण्यावर खर्च होतो, हे विद्यापीठाने संलग्नतेच्या वेळी विचारले तर त्याच्या वेतनाची सोय पुष्कळ ठिकाणी त्यातूनच निघेल. जेथे निघणार नाही तेथे दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक माणूस ठेवावा. मीरा रोड ते भाईंदर हे अंतर गाडीने एका स्थानकाचे आहे.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी घेणार नाही, परंतु अडचण तीच मोठी ठरेल. विद्यार्थी कचऱ्याच्या ठेक्याविषयी लिहू लागले की दूरध्वनी प्राचार्यांना जाईल. खाजगी शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर बांधकाम, राजकारण आणि ठेकेदारी या क्षेत्रांतील मंडळी असणे आपल्याकडे नवलाचे नाही. हंगामी नेमणुकीवरील अध्यापक अशा वेळी विद्यार्थ्याचा वृत्तान्त थांबवील आणि पोटासाठी तसे करणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून असे नियतकालिक महाविद्यालयाच्या नावाने न काढता विद्यापीठाने स्वतः प्रकाशक होऊन २०२३ च्या कायद्याखाली नोंदवावे, त्याच्या संपादक-अध्यापकाची नेमणूक व बडतर्फी विद्यापीठाकडे असावी आणि बदनामीचा दावा आला तर वकील विद्यापीठाने द्यावा. अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीत श्रेयांकांची फेरमांडणी निघेल, तेव्हा प्रथम ही तीन कलमे लिहून घ्यावीत. किती व्याख्याने आणि किती प्रात्यक्षिके हे त्यानंतर ठरविता येईल.